पांढऱ्या गाडीवर डांबर, नारिंगी ठिपके आणि बोअरच्या पाण्याचे वण: कशाने काढायचे?

मच्छे_शिफ्ट

नमस्कार मंडळी. गाडी पांढरी हॅचबॅक, 2020 ची. मेटॅलिक नाही, साधा पांढरा रंग. बोनेट तेवढं गॅरेजात परत रंगवलेलं, बाकी सगळा रंग कंपनीचा. दिवसभर गाडी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, शेडच्या बाहेर उभी, रात्री घरी आंब्याखाली. धुवायला बोअरचंच पाणी.

डाग तीन तऱ्हेचे आहेत. एक, दरवाजांच्या खालच्या भागात आणि मागच्या चाकाच्या पाठीमागे काळे ठिपके. ते डांबर असणार. दोन, टपावर आणि डिकीवर मोहरीहून बारीक नारिंगी ठिपके, हात फिरवला की खरखर लागते. तीन, बोनेटवर आणि काचांवर पांढरे गोल वण. ओलं असताना दिसत नाहीत, वाळलं की परत हजर.

शाम्पूनं धुवून बघितलो, काहीच जाईना. वॉशिंग सेंटरवाला म्हणुलालाय, मशीननं कंपाउंड मारू, सगळं एकदम जातंय. मारू द्यायचं का? घरी होण्यासारखं असेल तर काय आणू, किती आणू, आधी काय नंतर काय, तेवढं नीट सांगा.

डीए_पॉलिशवाला

कंपाउंड आत्ता अजिबात नको. तुमचे तीनही डाग वेगळ्या जातीचे आहेत. डांबर तेलात विरघळतं, लोखंडाला त्याचं स्वतःचं रसायन लागतं आणि पाण्याचे क्षार आम्लात विरघळतात. कंपाउंड यातलं काहीच विरघळवत नाही, ते रंग घासून काढतं. कंपनीचा सगळा रंग प्रायमरसकट साधारण 100 ते 140 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. त्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, 35 ते 50. ऊन सोसणारे घटक त्याच थरात असतात, आणि एकदा जोरात कंपाउंड मारलं की त्यातले दोन-तीन मायक्रॉन जातात. शिवाय लोखंडाचे कण रंगात रुतलेले असताना वरून पॅड फिरवला तर ते उखडून पॅडमध्ये अडकतात आणि तोच पॅड गाडीभर ओरखडे काढत फिरतो. म्हणून आधी रसायन, मग क्ले (रुतलेली घाण ओढून काढणारी मळता येणारी वडी), आणि तरी उरलं तर पॉलिश.

आणायचं सामान: पीएच न्यूट्रल कार शाम्पू, टार रिमूव्हर (नसेल तर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन 200 मिली पुरे), आयर्न रिमूव्हर 500 मिलीची एक बाटली, डिस्टिल्ड वॉटर 5 लिटर, साधा पांढरा व्हिनेगर किंवा 50 ग्रॅम लिंबूसत्त्व, फाइन ग्रेडचा क्ले 100 ग्रॅम, जाड मायक्रोफायबर कापडं सात-आठ. दोन बादल्या घरात असतीलच. आणि रबरी हातमोजे, हे विसरू नका.

क्रम असा. गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. सकाळी सातच्या आत सुरू केलं तर बरं. आधी नुसत्या पाण्याच्या प्रेशरनं माती सोडवायची, विशेषतः चाकांच्या कमानीतली. आपल्याकडची लाल माती वाळली की बारीक पॉलिश पेपरसारखी घासते, त्यामुळे पहिलं पाणी मारेपर्यंत कापड लावायचंच नाही. मग दोन बादल्यांनी धुवायचं, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं, आणि मिट (धुवायचा जाड हातमोजा) दर पत्र्यानंतर साध्या पाण्यात पिळून घ्यायचा. वरून खाली. चाकं सगळ्यात शेवटी, त्यांचं कापड वेगळं.

मग डांबर. हे लोखंडाच्या आधी, कारण डांबराच्या ठिपक्याखाली कण दडलेले असतात आणि पाण्यासारखं पातळ आयर्न रिमूव्हर तेलकट थरातून आत जात नाही. गाडी पुसून कोरडी करा. टर्पेंटाइन कापडावर घ्या, गाडीवर ओतू नका. ठिपक्यावर कापड मिनिटभर नुसतं दाबून धरा. डांबर तपकिरी होऊन पसरायला लागलं की हलकेच एका दिशेनं उचला आणि कापडाची बाजू बदला. घासायची गरज पडत असेल तर मुरायला वेळ कमी दिलाय असं समजा. डांबरात खडीची कच असते, जोर लावला की तीच रंगावर फिरते. दरवाजाच्या रबराला आणि काळ्या प्लास्टिक पट्टीला टर्पेंटाइन लागू देऊ नका, पट्टी कायमची पांढुरकी पडते. झालं की तेवढा भाग परत शाम्पूनं धुवा, नाहीतर तेलकटपणा राहतो आणि धूळ त्यालाच चिकटते.

नारिंगी ठिपक्यांचं उत्तर तुमच्याच मजकुरात आहे. उद्यमबागेत शेडच्या बाहेर गाडी म्हणजे फाउंड्रीची आणि ग्राइंडिंगची धूळ. कास्टिंगच्या कडा घासताना उडणारा कण तापलेला असतो, रंगावर बसताच थोडा आत रुततो आणि मग दवात-पावसात गंजतो. रेल्वेलाईनला लागून गाडी लावणाऱ्यांनाही हाच त्रास होतो, तिथं ब्रेकची धूळ असते. ओल्या पण निथळलेल्या पत्र्यावर आयर्न रिमूव्हर फवारा. एक-दोन मिनिटांत ठिपक्यांभोवती जांभळे ओघळ दिसतील. तो रंग तुमच्या गाडीचा नाही, लोखंड सुटतंय त्याचा आहे. तीन ते पाच मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, वाळायला लागलं तर वरून थोडं पाणी शिंपडा. मग भरपूर पाणी. जिथं ठिपके दाट तिथं दुसऱ्यांदा मारा. एका हॅचबॅकला 150 ते 200 मिली पुरतं. वास सडक्या अंड्याचा येतो. बंद शेडमध्ये करू नका.

व्हिनेगरचं पुढच्या पोस्टीत लिहितो, बोनेट परत रंगवलेलं आहे म्हणून तिथं जरा जपून.

निपाणी_रोड

एवढं सगळं कशाला? डांबराला रॉकेल. सगळे ड्रायव्हर तेच करतात. चिंधीवर घ्या, पुसा, झालं. बाकीच्या डागांना टूथपेस्ट.

रंगकाम_अनगोळ

रॉकेलनं डांबर निघतंय, खोटं नाही. कंपनीचा रंग पूर्ण पिकलेला असतो, दोन मिनिटांच्या रॉकेलनं त्याला काही होत नाही. पण त्यात तेलाचा भाग जड, उडून जात नाही. पुसल्यावर पत्रा चमकतोय असं वाटतंय, ती चमक तेलाची. शाम्पूनं दोनदा धुतल्याशिवाय सोडू नका. पेट्रोल मात्र वापरू नका, आगीचं काम आहे आणि ते इतक्या लवकर उडतं की डांबर मुरायच्या आत कापड कोरडं होतंय.

टूथपेस्टला मी नाहीच म्हणेन. त्यात घासणारी पूड असते, पण ती कारच्या रंगासाठी दळलेली नसते. कुठं जास्त घासतं, कुठं कमी, आणि पांढऱ्या गाडीवर लगेच दिसत नाही म्हणून लोकांना वाटतंय जमलं. काळ्या गाडीवर तेच करून बघा म्हणावं.

आता मच्छेवाल्या भावांच्या बोनेटचं. गॅरेजचा रंग कंपनीसारखा भट्टीत जास्त तापमानाला भाजलेला नसतो, हार्डनरवर सुकतो. त्यामुळे तो मऊ राहतो आणि थर जाड असतो. मायक्रॉन मीटर लावलं तर 200 च्या वर आकडा सहज दिसेल. पुट्टी असेल तर 500 च्याही पुढं. म्हणजे घासायला जागा जास्त, पण सॉल्व्हंटला तो लवकर दबतो. तिथं थिनर बिलकुल नको. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरनं रंग सुरकुततो आणि मग तो पत्रा परत रंगवण्याशिवाय इलाज नाही. टर्पेंटाइनसुद्धा आधी बोनेटच्या आतल्या काठावर कापडानं अर्धा मिनिट लावून बघा. कापडाला पांढरा रंग आला किंवा जागा चिकट लागली तर थांबा.

दुसरं एक. साधा पांढरा रंग असलेल्या बऱ्याच गाड्यांना वर क्लिअर कोट नसतोच, रंग आणि चमक एकाच थरात असते. पारख सोपी आहे. डिकीच्या आतल्या कोपऱ्यात काळ्या कापडानं थोडं पॉलिश घासा. कापड पांढरं झालं तर सिंगल स्टेज. अशा रंगावर पॉलिश केलं की पॅड पांढराच होतो, घाबरायचं नाही, पण पॅड वारंवार साफ करावा लागतो. पॉलिशच पांढरं असतं म्हणून फसू नका, वाळलेलं पॉलिश पुसून टाकून मग कापडाची दुसरी बाजू बघा.

डीए_पॉलिशवाला

अनगोळच्या साहेबांनी सिंगल स्टेजचं सांगितलं ते बरं झालं, माझ्याकडून राहिलं होतं.

आता पाण्याचे वण. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उन्हात वाळलं की पाणी जातं, क्षार राहतात. ओलं असताना दिसत नाहीत कारण पाण्यानं खळगे आणि कड भरून निघते. इथं दोन प्रकार ओळखायचे. नखानं हलकं चाचपलं तर वर थर लागतो, म्हणजे क्षार रंगावर बसलेत. थर लागत नाही, उलट बारीक वाटीसारखा खड्डा जाणवतो, म्हणजे क्षारांनी रंगात खाल्लंय. पहिला प्रकार आम्लानं जातो. दुसऱ्याला आम्ल कितीही लावा, काही होत नाही, आणि लोक नेमके तिथंच आम्ल जास्त जास्त कडक करत जातात.

पहिल्यासाठी: व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. किंवा लिंबूसत्त्व 20 ग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात. कापड भिजवून पिळा, वणांवर एक-दोन मिनिटं अंथरून ठेवा, उचला, हलकं पुसा, लगेच भरपूर पाण्यानं धुवा. मग शाम्पूचं पाणी फिरवा म्हणजे आम्ल उरत नाही. पूर्ण निघालं नसेल तर परत तेवढाच वेळ. एकदम दहा मिनिटं नको. लिंबू कापून चोळायचा नाही, त्यातली साखर चिकटते आणि आम्लाचं प्रमाणही माहीत नसतं. टॉयलेट क्लीनर तर लांबच ठेवा. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, वण जातील, त्याबरोबर क्रोमच्या पट्ट्या आणि अलॉय चाकांची चमकही जाईल. आयर्न रिमूव्हर आणि हे आम्ल एकावर एक मारायचं नाही, मधे पत्रा पूर्ण धुवून घ्या.

काचेवरच्या वणांना तेच द्रावण चालतं. काच रंगापेक्षा कठीण असल्यानं तिथं वेळ थोडा जास्त दिला तरी चालेल.

यानंतर क्ले. हात पातळ पॉलिथिनच्या पिशवीत घालून टपावरून फिरवा. पिशवीतून बोटांना खरखर दुप्पट जाणवते. अजून लागत असेल तरच क्ले घ्या. 100 ग्रॅमच्या वडीतला तिसरा हिस्सा मळून चपटा करा. एक लिटर पाण्यात 10 मिली शाम्पू, ते पत्र्यावर सढळ हातानं फवारा आणि क्ले सरळ रेषेत पुढे-मागे, गोल गोल नाही, वजन बोटांपुरतंच. क्ले पत्र्याला चिकटून ओढला जातोय असं वाटलं की पाणी कमी पडलंय. दर दोन फुटांनी क्लेची घडी घालून नवी बाजू वर काढा. आणि खाली पडला तर टाकून द्या. धुवून वापरता येत नाही, खडा आत राहतोच.

मच्छे_शिफ्ट

लई बरं झालं सविस्तर लिहिलात. कालपासून सुरू केलोय. डांबर टर्पेंटाइननं पूर्ण गेलं. आयर्न रिमूव्हरनं टप जांभळा झाला, दोनदा मारलो, ठिपके ऐंशी टक्के कमी. काचा साफ. काळ्या कापडानं टेस्ट केलो, कंपनीच्या पत्र्यावर रंग आला नाही, म्हणजे क्लिअर कोट आहे.

आता बोनेटवर सात-आठ वण राहिलेत. नख फिरवलं की थर लागत नाही, कड मात्र जाणवते. म्हणजे खाल्लेलं. डिकीच्या कडेला पाखरांच्या शिटेचा एक डागही तसाच. हे पॉलिशशिवाय जायचं नाही ना? मशीन माझ्याकडं नाही. हातानं जमेल?

डीए_पॉलिशवाला

सात-आठ वणांना मशीन लागत नाही. फाइन पॉलिश आणि फोमचा हातातला ॲप्लिकेटर घ्या. वणाभोवती मास्किंग टेप लावा, चार इंचांच्या चौकोनात वाटाण्याएवढं पॉलिश, मध्यम दाबानं उभं-आडवं चाळीस-पन्नास फेरे. पुसा, बघा. दोनदा करूनही कड उरली तर ती तशीच राहू द्या. पूर्ण खड्डा सपाट करायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा रंग खाली आणायचा, एवढ्यासाठी ते परवडत नाही. कड बोथट झाली की उन्हात डोळ्याला फारसं दिसत नाही.

मित्राकडून मशीन मिळालंच तर ड्युअल ॲक्शन (डीए, पॅड फिरतो आणि हलतोही) घ्या, वॉशिंग सेंटरवाल्यांकडे असतं ते रोटरी नको. रोटरी एकाच जागी फिरते, पत्रा तापतो, बोनेटच्या कडांवर रंग मुळातच पातळ असल्यामुळे तिथं तो जळून प्रायमर दिसतो. आणि कडक लोकरीचा पॅड लावला की सूर्यप्रकाशात गोल चक्रं दिसायला लागतात, ती काढायला परत दुसरं काम. ड्युअल ॲक्शनवर 5 इंची प्लेट, मऊ फोम पॅड, पहिल्यांदा पॅडवर पॉलिश चोळून घ्या, मग वाटाण्याएवढे चार थेंब. दोन फूट बाय दोन फूट जागा. स्पीड 1 वर पसरवा, मग 4 वर चार ते सहा फेऱ्या, उभ्या मग आडव्या, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढलेला. हात सेकंदाला इंचभर सरकला पाहिजे. घाई केली की नुसता तेलकट थर फिरतो, काम होत नाही. पॅडवर एक काळी रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसत असेल तर ठीक, थांबलेली दिसली तर दाब जास्त झालाय.

एका चौकोनानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी चार भाग असं फवारून पुसा. पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं, ते निघालं की खरं काय झालंय ते कळतं. मन भरलं तरच पुढच्या चौकोनाला हात लावा.

बंपर प्लास्टिकचे आहेत हे लक्षात ठेवा. प्लास्टिक उष्णता पसरवत नाही, लवकर तापतं. आणि मायक्रॉन मीटर तिथं आकडा दाखवत नाही, त्यामुळे अंदाजानं काम. तिथं हातच बरा.

रंगकाम_अनगोळ

बोनेटबद्दल पुरवणी. रंगवून किमान दोन-तीन महिने झाले असतील तरच पॉलिश आणि त्यावर सीलंट (रंगावर बसणारा पॉलिमरचा संरक्षक थर). त्याआधी सॉल्व्हंट आतून बाहेर पडत असतो, वरून थर बंद केला की नंतर फुगवटे. तुमचं जुनं असेल असं धरतो. मऊ रंगावर डीएचं स्पीड 3 च्या वर नेऊ नका.

शिटेचा डाग खोल का जातोय ते सांगतो, म्हणजे पुढं वाचेल. नुसतं आम्ल त्याला कारण नाही. उन्हात पत्रा तापतो तसा रंग थोडा मऊ होऊन फुगतो. वर शिटेचं खापर कडक बसलेलं असतं. संध्याकाळी रंग आकसतो आणि खापराच्या खालच्या खरबरीत आकारावर बसतो. म्हणून सकाळी पडलेली दुपारी काढलीत तरी खूप फरक पडतो. काढताना नखानं खरवडू नका. पाण्यानं भिजवलेला टिश्यू पाच-दहा मिनिटं वर ठेवा, सगळं एकदम उचलून येतं. खानापूरकडं जांभळाच्या दिवसांत तर शीट जांभळीच असते, पांढऱ्या गाडीवर ती रात्रभर ठेवायची नाही.

सौंदत्तीकर

याच धाग्यात विचारतो. यल्लम्मा डोंगरावरून आल्यावर गाडीच्या दरवाजावर भंडाऱ्याचे पिवळे पट्टे. खंडेनवमीला बोनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिकसुद्धा पुसट गुलाबी राहिलंय. भंडाऱ्याचा डाग कपड्याच्या साबणानं घासला तर तांबडाच झाला. आता काय?

डीए_पॉलिशवाला

घासायचं थांबवा. हळद पाण्यात विरघळत नाही, आणि कपड्याचा साबण, सोडा, चुना असं काहीही अल्कलीचं लागलं की तांबडी होते. म्हणजे डाग वाढला नाही, रंग बदललाय. साध्या पाण्यानं धुवून शाम्पू मारा, तांबडं परत पिवळं होईल. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक भाग आणि पाणी एक भाग, कापडावर घेऊन अर्धा मिनिट टेकवा, उचला, कापडाची बाजू बदला. हळद अल्कोहोलमध्ये निघते. जी फिकट झाक उरेल ती उन्हात आपोआप उडते, हळदीला ऊन सोसत नाही. गाडी चार-पाच दिवस मोकळ्यावर उभी करा, पॉलिशची गरज बहुधा पडणार नाही.

कुंकवाचं तसं नाही. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात कृत्रिम रंग असतो, आणि ते तेलात कालवून लावलं असेल तर अजून मुरतं. आधी टर्पेंटाइननं तेल काढा, मग अल्कोहोल, मग उरलेल्या झाकेवर हातानं फाइन पॉलिश. पुढच्या वर्षी स्वस्तिक काढायच्या जागी आधी मेणाचा एक थर द्या, किंवा बोनेटऐवजी काचेवर काढा.

चिकोडीकर

आमच्याकडं गाळप सुरू झालं की मार्चपर्यंत रोज सकाळी गाडीवर काळी राख. साखर कारखान्याच्या बॉयलरची, बगॅसची म्हणजे उसाच्या चोथ्याची. लोक पिवळं फडकं घेऊन कोरडंच पुसतात आणि महिन्यात गाडी जाळं पडल्यासारखी दिसते. ती राख नुसती काजळी नाही, तिच्यात सिलिका भरपूर असते, म्हणजे बारीक वाळूच. कोरडं कापड लावायचं नाही. ब्लोअर असेल तर वाऱ्यानं उडवा, नाहीतर नळी. आणि दव पडलेल्या रात्रीनंतर ती राख भिजते, तिचं पाणी अल्कलीचं असतं, ऊन चढेपर्यंत ठेवलं तर कडा उमटतात. सकाळी निघायच्या आधी पाच लिटर पाणी टपावरून ओतलं तरी पुरे. त्या पाण्याला बोअर नको, बोअरचे वण त्यावर बसतात.

कारखान्याच्या परिसरातल्या गाडीला मी तरी मेणापेक्षा सीलंट सांगेन. कार्नुबा मेण इथल्या उन्हात महिना-दीड महिना टिकलं तर टिकलं, पॉलिमर सीलंट चार-सहा महिने जातं. सिरॅमिक कोटिंग करणार असाल तर आधी आयर्न रिमूव्हर आणि क्ले झालंच पाहिजे, नाहीतर ठिपके काचेखाली फ्रेम केल्यासारखे आत राहतात.

खानापूर_जंगल

आंब्याखाली गाडी उभी असते म्हणालात त्यावर कुणी बोललं नाही. मोहोराच्या दिवसांत, जानेवारी ते मार्च, मोहोरावर तुडतुडे असतात, त्यांचा गोड चिकट स्राव खाली गळतो. गाडीवर बारीक चिकट थेंब दिसतात ते हेच, झाडाचा डिंक नव्हे. त्यावर काळी बुरशी धरते आणि टप मळकट दिसायला लागतो. ताजं असेल तर कोमट पाणी आणि शाम्पूत भिजवलेला टॉवेल पाच मिनिटं टपावर अंथरा, सगळं सुटतं. गरम म्हणजे हात सहज बुडेल एवढंच, उकळतं नको. महिनाभर जुनं असेल तर अल्कोहोल.

खरा डिंक किंवा फणसाचा चीक पडला तर पाणी उपयोगाचं नाही. चिकावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा, मऊ होऊन गोळा होतो, मग कापडानं उचला आणि शाम्पू. वाळून खडा झालेला डिंक नखानं उचकटला तर खालचा रंगही घेऊन येतो, त्याला अल्कोहोल लावलेलं कापड दोन मिनिटं आणि थोडा धीर. काजूच्या बोंडांच्या दिवसांत काजूच्या झाडाखाली गाडी लावायचीच नाही. टरफलातलं तेल कातडी जाळतं, रंगाला सोडेल का.

मच्छे_शिफ्ट

बोनेटवरचे वण हातानं पॉलिश केलो, तीन पूर्ण गेले, बाकीचे बोथट झालेत. शिटेचा डाग नुसता तिरक्या उजेडात दिसतो. तसाच सोडतोय.

एक शंका. व्हिनेगरचं पाणी पोर्चमधल्या शहाबादीवर सांडलं, तिथं फरशी पांढुरकी खरखरीत झाली. ते कशानं जाईल? आणि बोअरशिवाय पाणी नाही, मग धुतल्यावर परत वण पडू नयेत म्हणून काय करू?

डीए_पॉलिशवाला

शहाबादी चुनखडीचा दगड आहे, आम्लानं त्याची वरची चमक खाल्ली. आता ती रसायनानं परत येत नाही, फरशी पॉलिशवाल्याकडून तेवढा भाग घासून घ्यावा लागेल. पुढच्या वेळी आम्लाचं काम मातीवर किंवा सिमेंटच्या रस्त्यावर करा. आम्ल सिमेंटलाही थोडं खातं, पण दिसत नाही.

बोअरच्या पाण्याचं असं आहे. धुवायला तेच वापरा, शेवटचं पाणी तेवढं बदला. टीडीएस मीटरनं (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतं ते) मोजा, 50 च्या आत आकडा असेल ते पाणी शेवटी वापरायचं. आरओ फिल्टरचं शुद्ध पाणी चालतं, बाहेर टाकतो ते नव्हे, त्यात तर क्षार जास्तच. पावसाळ्यात पन्हळीखाली पिंप ठेवलं तर सगळ्यात उत्तम. पहिल्या दोन-तीन पावसांचं सोडून द्या, छपरावरची धूळ असते. हॅचबॅकला दहा लिटर पुरतं. नळीला फवारा लावू नका, उघड्या नळीनं टपावरून सावकाश सोडा. पाण्याचा पडदा खाली घसरताना थेंब बरोबर घेऊन जातो, पुसायला कमी राहतं. मग जाड टॉवेल पत्र्यावर अंथरून उचला, घासू नका. साइड मिरर आणि डिकीच्या दिव्यांच्या फटीतून नंतर पाणी ओघळतं, तिथले वण बहुतेकांना दुसऱ्या दिवशी दिसतात. गाडी धुवून झाल्यावर गल्लीत एक चक्कर मारून आणा आणि त्या फटी परत एकदा पुसा.